डाव्या पायाची परेड

श्रावण कापगतेच्या डाव्या पायात काच शिरली, त्याला सोमवारी अकरा दिवस झाले. काच दारूच्या बाटलीची होती. कोणीतरी शेताच्या धुऱ्यावर बसून बाटली रिकामी केली आणि भाताच्या बांधीत फोडली. असा माणूस साखरबोडीत कोण असेल, यावर गावात आठ-दहा नावं निघाली. त्यांत श्रावणचंही निघालं. पण श्रावणनं फौज सोडल्यावर दारू सोडली होती, शुगर निघाल्यावर साखर सोडली होती, आणि आता पाय सोडायची वेळ येते की काय, या धास्तीनं ललिताबाईची झोप गेली होती.

सकाळी ती अंगणात पाट घेऊन बसली. श्रावण खाटेवर, पाय तिच्या मांडीवर. पट्टी सोडताना शेवटचा वेढा चिकटला. तिनं कोमट पाणी सोडलं, हळूच ओढलं.

"दुखते?"

"नाही."

"इथं?"

"नाही म्हटलं ना."

"मंग हे काळं कायचं होय?"

अंगठ्याशेजारचं बोट शनिवारी लाल होतं, रविवारी जांभळं. आज ते जांभळीच्या पिकल्या फळासारखं दिसत होतं आणि त्याच्याखालून पिवळं पाणी येत होतं. शेजारच्यांचा कुत्रा अंगणात शिरला, खाटेजवळ आला, नाक वर करून थांबला आणि आल्या वाटेनं परत गेला. श्रावणनं ते पाहिलं. ललिताबाईनंही पाहिलं.

"आज लाखनीले चला," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईले दाखवू."

"उद्या नागपूरची तारीख आहे."

"उद्याचं उद्या. हे बोट उद्यापर्यंत थांबत नाही."

खालच्या अंगाला चार बांध्या रोवायच्या राहिल्या होत्या. भाताच्या रोपांचे परे महिन्याचे होऊन गेले होते. आणखी आठवडा थांबले तर गाठ धरतील आणि मग रोवून उपयोग नाही. रोवणाऱ्या बायांची टोळी सात वाजता बांधीवर येणार होती. ललिताबाईनं शेजारच्या गुड्डीला हाक मारली, कोणत्या बांधीत रोपांच्या किती पेंड्या टाकायच्या ते सांगितलं आणि नवऱ्याच्या पायाला युरियाच्या रिकाम्या पोत्यातली प्लॅस्टिकची पिशवी बांधली. अकरा दिवसांत तिची गाठ मारण्याची पद्धत चांगलीच बसली होती.

शनिवारी ते नागपूरला जाऊन आले होते. श्रावणजवळ फौजी कार्ड होतं. त्या कार्डावर औषध फुकट, ऑपरेशन फुकट, पलंग फुकट. फक्त ते कार्ड चालणारा दवाखाना साखरबोडीहून शंभर किलोमीटरवर होता. पहाटे ऑटो, लाखनीहून एसटी, नागपुरात पुन्हा ऑटो, मग टोकन. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं "हवालदार साब" म्हटलं, पट्टी केली, दोन दिवसांआड येऊन दाखवायला सांगितलं आणि ऑपरेशनसाठी शुक्रवारची तारीख दिली. दोन दिवसांआड म्हणजे दर वेळी चार तास जायचे आणि चार तास यायचे. येताना एसटीत शेजारी एक बाई पोर घेऊन बसली. भंडाऱ्याच्या अलीकडे तिनं पदर नाकाला लावला आणि पुलावर गाडी चढली तेव्हा ती उठून मागच्या सीटवर गेली. श्रावण खिडकीतून वैनगंगेकडे पाहत राहिला. त्याला नदीत विशेष काही दिसलं नाही, पण मान वळवायची नव्हती.

यात चूक कोणाचीच नव्हती. चूक रस्त्याची होती, आणि रस्त्याला तक्रारपेटी नसते.

लाखनीत हायवेला लागून डॉक्टर रिता बांते यांचं नवं हॉस्पिटल होतं. चांगलं वीस खाटांचं, ऑपरेशनची खोली, रक्त शुद्ध करायचं एक मशीनसुद्धा. साखरबोडीहून चौदा किलोमीटर. पण हे हॉस्पिटल फौजी कार्डाच्या यादीत नव्हतं. सगळे त्या यादीला पॅनल म्हणत.

डॉक्टर रितानं पाय पाहिला, एक सुई घेतली आणि तळव्याला टोचली. श्रावण समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"काका, काय केलं मी आत्ता?"

"काय केलं?"

"सुई टोचली."

"मले तं समजलंच नाही," श्रावण खुशीत म्हणाला.

"तेच वाईट आहे. दुखलं असतं तर बरं होतं." तिनं सुई ठेवली. "आज भरती व्हा. आज झालं तर दोन बोटांत निभेल. शुक्रवारी मी बोटांचं बोलणार नाही, घोट्याचं बोलेन."

"कार्ड चालल काय?"

"नाही. अजून पॅनल नाही झालं."

"होऊन जा भरती," ललिताबाई म्हणाली. "भरू आपण पैसे. डोरलं आहे माझं."

श्रावणनं पाय खाली घेतला. "बुधवारी कर्नलसाहेब येऊन राहिले. हे हॉस्पिटल पॅनलवर घ्याचं का नाही, ते पाहाले. मीच आज पैसे भरले तं साहेब म्हणतीन, भरतेत ना हे लोकं, मंग गरज काय? आन् जागेश्वरनं काय विकावं? त्याच्या घरी तं डोरलंही नाही."

जागेश्वर डोंगरवार त्याच्याच पलटणीतला, विधुर. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तो रक्त शुद्ध करायला नागपूरला जाई. लाखनीतल्या मशीनसमोरून त्याची एसटी जात असे.

"दोन दिवसांचा तं प्रश्न आहे," श्रावण म्हणाला.

डॉक्टर रिता ललिताबाईकडे पाहत म्हणाली, "ताप आला तर लगेच आणा. बुधवार असो की काही असो."

ताप त्याच संध्याकाळी आला. श्रावणनं तो कोणाला सांगितला नाही. मंगळवारी नागपूरला जायची तारीखही त्यानं चुकवली, कारण मंगळवारी तालीम होती.

तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते यादोराव लांजेवार. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली होती, पण ते घरच्यांच्या ध्यानात अजून आलं नव्हतं, कारण यादोरावांनी येऊ दिलं नव्हतं. मंगळवारी दुपारी लाखनीच्या शाळेच्या मैदानात त्यांनी बेचाळीस म्हाताऱ्यांना जमवलं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. वाटेच्या कडेला विटा तिरप्या रोवून पांढऱ्या केल्या. एका चिखलाच्या डबक्यावर यादोराव बराच वेळ नाराज होते. शेवटी त्यावर शाळेचा फळा आडवा टाकला.

मग माणसांची मांडणी सुरू झाली. खोकणारे तिसऱ्या रांगेत. लंगडणारे दुसऱ्या रांगेत मधोमध, म्हणजे दोन्हीकडून आधार. पहिल्या रांगेत उंच, ताठ, दात असलेले.

"श्रावण, तू उजव्या टोकाले. तुझ्यावरून सगळी लाईन धरतीन."

"माझा पाय..."

"पायाकडे कोण पाहते बे? साहेब छातीकडे पाहते." यादोरावांची नजर जागेश्वरवर आली. सुजलेलं तोंड, राखेसारखा रंग, हाताला पट्टी. "जागेश्वर, तू खिचडीच्या खोलीत बसजो. तुले पाहून साहेबाले वाईट वाटल."

"वाईट वाटावं म्हणूनच तं बोलावलं ना, सुभेदारसाहेब?"

"तसं नाही गा. पहिले इम्प्रेशन, मंग निवेदन." यादोरावांनी काखेतली निळी फाइल थोपटली. आत चार पानी निवेदन होतं: नागपूर किती दूर, कोण कोण वाटेत गेलं, कोणाला किती वेळा जावं लागतं. सगळं खरं होतं आणि टाइप केलेलं होतं. "साहेब विचारतीन, कोई तकलीफ? तवा मी एक कदम आगे येईन आन् हे देईन. तुमी फक्त शिस्त दाखवा."

बेत पक्का होता. त्यात एकच गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, कारण ती बेचाळीस जणांच्या हाडांत होती. फौजेत मोठा साहेब पाहणीला येतो तेव्हा "कोई तकलीफ?" हा प्रश्न कार्यक्रमाचा भाग असतो आणि त्याचं उत्तरही कार्यक्रमाचा भाग असतं. ज्यानं कधी तकलीफ सांगितली असेल, त्याला साहेबाची गाडी गेल्यावर सुभेदारानं खरी तकलीफ काय असते ते दाखवलेलं असतं. स्वतः यादोरावांनीही अनेकांना दाखवली होती.

बुधवारी पहाटे श्रावणनं पेटीतून काळे बूट काढले. उजवा पाय गेला. डावा जाईना. त्यानं नाडी पार काढली, आत पावडर टाकली आणि भिंतीला टेकून जोर दिला. आत काहीतरी मऊ फुटलं. दुखलं मात्र नाही.

ललिताबाई दारात उभी होती. कमरेला विळा, डोक्याला फडकं. ती बांधीवर निघाली होती.

"चप्पल घाला ना, अजी."

"चपलेवर सलाम होत नाही."

तिनं जवळ येऊन त्याच्या कपाळाला हात लावला आणि हात तसाच ठेवला. मग फडकं सोडलं, विळा खुंटीला अडकवला.

"काहून? बांधी?"

"बांधी गुड्डी पाहील. मी येतो तुमच्या संगं."

कर्नलसाहेब दहाला येणार होते, साडेअकराला आले. दीड तास बेचाळीस माणसं उभी होती. रात्रीचा पाऊस मैदानातून वाफ होऊन वर येत होता. हायवेवरून ट्रक गेला की चुन्याच्या विटा थरथरत. श्रावणच्या डोळ्यांपुढे समोर शाळेच्या ओसरीत ललिताबाईसोबत बसलेल्या बाया कधी एकीच्या दोन होत, कधी दोघींची एक. डाव्या बुटात काहीतरी ओलं आणि गरम साचत होतं. तो घाम आहे असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं.

साहेब साधे निघाले. साठीच्या आसपासचे, बुटके, दाट भुवयांचे. स्वतःही निवृत्त होऊन या कामावर परत आलेले. सोबत वही घेतलेला एक कारकून. ते रांगेतून फिरले, प्रत्येकाला पलटण विचारली. श्रावणपाशी थांबले.

"हवालदार श्रावण कापगते, साब. सत्रह साल सर्विस, साब."

"बढ़िया टर्नआउट है, हवालदार."

साहेब पुढे गेले, रांगेच्या मधोमध उभे राहिले, हात मागे बांधले.

"मैं इसलिए आया हूँ कि आप लोगों को इलाज के लिए यहाँ पास में हॉस्पिटल चाहिए या नहीं, ये देखूँ. नागपुर आने-जाने में, दवा में, इलाज में... कोई तकलीफ?"

"नहीं, साब!"

आवाज एकच आला. शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. आपलंही तोंड उघडलं, हे श्रावणला नंतर समजलं. शब्द आधीच बाहेर पडून मैदानावर गेला होता. यादोरावही ओरडले होते, सगळ्यांत मोठ्यानं. निळी फाइल काखेत दाबून ते ताठ उभे होते आणि त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये चालला होता.

"नागपुर से काम चल रहा है?" साहेबांना बरंच वाटलेलं दिसलं.

"चल रहा है, साब," यादोराव म्हणाले. डोळे फुटायला आले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"वेरी गुड. लिखो." कारकुनानं लिहिलं. "मैंने तो सुना था यहाँ बहुत परेशानी है. आप लोगों का जज़्बा देखकर अच्छा लगा."

साहेब गाडीकडे वळले. बेचाळीस माणसं ते पाहत राहिली. कोणाची मानही हलली नाही. खिचडीच्या खोलीच्या जाळीला जागेश्वरचं सुजलेलं तोंड चिकटलं होतं.

न विचारता साहेबाशी बोलायचं असेल तर एक पाऊल पुढे यायचं असतं, आणि ते डाव्या पायानं टाकायचं असतं. श्रावणनं सतरा वर्षांत ते एकदाही टाकलं नव्हतं. त्यानं पाय उचलला. बुटात पचकन आवाज झाला. पाय जमिनीला टेकला की नाही ते त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं खाली पाहिलं. टेकला होता.

"तकलीफ है, साब."

साहेब थांबले. यादोराव दातांतल्या दातांत म्हणाले, "मागं हो बे, श्रावण."

"अभी तो आपने 'नहीं' कहा," साहेब म्हणाले.

"कहा, साब."

"तो?"

"वो परेड का जवाब था, साब. ये मेरा है."

साहेबांच्या भुवया जवळ आल्या. "क्या तकलीफ है?"

श्रावणला डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं. तापात त्याला तेवढंच नीट आठवत होतं. "दुखता नहीं है, साब."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. यादोराव पुढे झाले. "साब, इसको शुगर है. धूप लग गई. माफी..."

तोवर ललिताबाई ओसरीवरून उतरली होती. चुन्याच्या विटांमधून वाट होती, पण ती वाटेनं आली नाही, सरळ आली. दोन विटा पडल्या. साहेबांकडे तिनं पाहिलंही नाही. नवऱ्यासमोर खाली बसली, त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि बूट ओढायला लागली. बूट निघेना. तिनं दोन्ही हातांनी टाच धरली आणि भाताची पेंडी चिखलातून उपटावी तसा तो उपटला.

वास आधी आला. मग माशा. मोजा पिवळा आणि काळा होता आणि त्यातून मैदानाच्या जमिनीवर ठिपके पडत होते. श्रावणला एसटीतली बाई आठवली. इथं बेचाळीस माणसं होती आणि खिडकी नव्हती. तो समोर पाहत ताठ उभा राहिला.

"सायेब," ललिताबाई खालूनच म्हणाली, "हे म्हणते दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच सडून राहिलं. नागपूरची शुक्रवार तारीख आहे. तवापर्यंत हा पाय मी कुठं ठेवू?"

साहेब तिच्या शेजारी बसले. बसताना त्यांचे दोन्ही गुडघे वाजले. त्यांनी मोजा बोटांनी जरा खाली सारला, पाहिलं, पुन्हा वर केला. मग ते जमिनीला हात टेकून उठले आणि रांगांकडे वळले. चेहऱ्यावर राग होता, पण तो कोणावर ते ठरत नव्हतं. पुन्हा विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. विचारून काय उत्तर येईल, ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनीही जन्मभर हेच उत्तर वर पाठवलं असणार.

त्यांनी आवाज चढवला.

"परेड! जिसको कोई तकलीफ नहीं, वो खड़ा रहेगा. बाकी... बैठ जा!"

हुकूम होता. हुकूम असल्यावर काय. पहिली रांग खाली गेली, दुसरी गेली, तिसरीतले काही आधीच अर्ध्यावर होते. कोणी एकमेकांना धरून बसलं, कोणी हात टेकून, कोणी आधी गुडघा, मग कुल्ला, मग "आई गे". दीड तास दाबून ठेवलेला खोकला सगळीकडून सुटला. एकानं बूट सैल केला, दुसऱ्यानं दातांची कवळी काढून खिशात ठेवली. साहेबांची नजर खिचडीच्या खोलीकडे गेली.

"वो कौन है?"

"वो... रसोइया, साब," यादोराव म्हणाले.

"नायक जागेश्वर डोंगरवार, साब," जाळीतून आवाज आला. "मैं सुबह से बैठा हूँ."

मैदानात आता एकटे यादोराव उभे होते. काखेत निळी फाइल, छातीवर पदकं, हनुवटी वर. साहेब त्यांच्यासमोर गेले.

"सुभेदार साब. आपको कोई तकलीफ नहीं?"

यादोरावांची हनुवटी खाली आली.

"है, साब. घुटने की है. बैठा नहीं जाता."

साहेबांनी हात पुढे केला. यादोरावांना वाटलं, हात मिळवायचा आहे. मग समजलं, फाइल मागताहेत.

गाडीच्या बॉनेटवर साहेबांनी चारी पानं उभ्यानं वाचली. कारकुनाच्या वहीतलं आधीचं पान फाडायला लावलं. पॅनलचा कागद वरून यायचा तेव्हा येईल, तो कधी येईल ते मी सांगत नाही, असं ते सरळ म्हणाले. पण जिवावरचं असेल तर जवळच्या दवाखान्यात जाता येतं, असा नियम कार्डाच्या मागच्या बाजूला आधीपासून छापलेला होता. तो बेचाळीस जणांपैकी कोणी वाचला नव्हता, कारण कार्ड जपून ठेवायचं म्हणून सगळ्यांनी मागं पुठ्ठा लावून प्लॅस्टिकमध्ये शिवलं होतं. साहेबांनी तसं चार ओळींत लिहून सही केली. श्रावणला त्यांच्याच गाडीतून नेलं. मागच्या सीटवर, पाय ललिताबाईच्या मांडीवर.

"सीट खराब हो जाएगी, साब," श्रावण म्हणाला.

"चुप बैठो," साहेब म्हणाले, आणि त्यानं हुकूम पाळला.

डॉक्टर रितानं दोन वाजता ऑपरेशन केलं. दोन बोटांत निभेल असं सोमवारी म्हणाली होती. बुधवारी तीन गेली. टाच राहिली, घोटा राहिला. चालता येईल म्हणाली, पण वेळ लागेल, आणि रोवणी आता कायमची विसरा.

साडेतीनला श्रावणनं डोळे उघडले. ललिताबाई पिशवी उचलून उभी होती.

"चार वाजाच्या आत पोहोचतो," ती म्हणाली. "दोन बांध्या होऊन जातीन. बाया थांबल्या आहेत."

"जा ना. मी काय पळून जातो?"

ती गेली. चौदा किलोमीटर. श्रावण छताकडे पाहत हिशेब करत राहिला: आता ऑटोत असेल, आता तलावाच्या पाळीवर, आता लुगडं खोचून बांधीत उतरली असेल. मग पुन्हा झोपला.

दिवे लागले तेव्हा ती आली. हातात डबा, केसांना चिखल, गुडघ्यांपर्यंत पाय वाळलेल्या गाळानं पांढरे, तळवे बाहेरच्या चिखलानं ओले. चपला बांधीच्या काठावरच राहिल्या होत्या. दारापासून खाटेपर्यंत पांढऱ्याशुभ्र फरशीवर तिची ओली पावलं उठली, एकेक पाऊल स्वच्छ, पाचही बोटांचं.

नर्स पोछा घेऊन धावली. "बाई, हे काय? पाय धुवून तर यायचं."

"धुईन वो. यांले पहिले जेवू द्या." ललिताबाईनं डब्याचं झाकण काढलं.

"किती झालं?" श्रावणनं विचारलं.

"खालच्या दोन झाल्या. दोन उद्या."

नर्स वाकून फरशी पुसायला लागली. श्रावणनं खाटेवरून त्या पावलांकडे हात केला.

"राहू दे थोडा वेळ, बाई," तो म्हणाला. "भात खाऊन होऊ दे."